अक्कांची एकवीस माशांची टाकी

निरोप आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते. तळ्याच्या कडेला कापडी पिंजऱ्यात बोटुकली सोडली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी वाढलेली माशांची पिलं. आम्ही सहा बायका ती निवडत होतो. माकणीच्या एसटीच्या कंडक्टरनं स्टँडवर निरोप दिला आणि तिथून आमचे हे सायकलवर बांधावर आले. खाली उतरलेसुद्धा नाहीत. वरूनच म्हणाले, "अक्का गेल्या. पहाटं." माझ्या ओंजळीत तेव्हा पाच-सहा पिलं होती. उन्हं चढायच्या आत ती तळ्यात गेली नाहीत तर मरतात, म्हणून मी निवडतच राहिले. शेजारची म्हणाली, "अगं, जा की." पण मला उठता येईना. सगळा पिंजरा रिकामा केला, मग लुगडं पिळलं आणि माकणीची दुपारची गाडी धरली; अक्का तिथं लेकीकडं होत्या. पोचले तोवर अक्कांना नेलेलं होतं. त्यांचं तोंड मला शेवटचं दिसलं नाही... त्यांच्या लेकीनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "काकू, आई असती तर तिनं बी आधी पिलंच सोडली असती." त्या एका वाक्यावर मी आजवर दिवस काढते आहे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, गोदावरी. सगळा गाव त्यांना अक्काच म्हणायचा. आमची भोयांची चार घरं, तेरणेला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठावर. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं त्या ओढ्यावर तलावाचं काम काढलं आणि अक्कांनी दोन वर्षं तिथं डोक्यावर माती वाहिली. तलाव झाला, पाणी साठलं, मग मासेमारीची सोसायटी निघाली. थोरले भाऊजी तिचे सभासद होते. पिलं निवडायचं काम मात्र पहिल्यापासून अक्कांचं. त्यांच्याइतकी नजर गावात कुणाची नव्हती. मी लग्न होऊन आले ती येडशीच्या डोंगराकडच्या एका वाडीतून. आमच्याकडं पाणी असायचं ते आडात, आणि जिवंत मासा मी सासरी येईपर्यंत पाहिलेला नव्हता. चौथीपर्यंत शाळा झाली होती, पण माणसांसमोर तोंड उघडायची मला फार भीती. घरात मोठं माणूस आलं की मी चुलीमागं. अक्का हसायच्या. "सुभे, तुला काय मांजरानं जीभ नेली का गं?" म्हणायच्या आणि माझ्या वाटचं बोलणं स्वतःच बोलून टाकायच्या.

भाऊजी तापानं गेले आणि त्यांच्या जागी सोसायटीत कोण, हा प्रश्न आला. अक्का स्वतः उठून चेअरमनकडं गेल्या. मी मागं उभी होते. चेअरमन गावातले मोठे शेतकरी, आयुष्यात जाळं कधी टाकलेलं नाही, पण माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "अक्का, बाईमाणूस सभासद? लोक काय म्हनतील?" अक्का म्हणाल्या, "माती वाहायला बाई चालली, आन् मासं धरायला चालंना व्हय?" तिथं बसलेल्या नागूला हसू आलं. हा नागू आमच्याच भावकीतला, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "चेअरमनसाहेब, ती तुमची काचंची टाकी हाय न्हवं? द्या अक्काला. टाकी सांभाळली तर तळं सांभाळंल."

त्या टाकीची गोष्ट अशी. चेअरमननी सोलापुरात एका डॉक्टरच्या दवाखान्यात रंगीत माशांची काचेची टाकी पाहिली होती आणि तशीच हौसेनं आणून सोसायटीच्या खोलीत ठेवली होती. सोबत आणलेले तांबडे-पिवळे मासे मात्र उन्हात, गाडीच्या हादऱ्यानं वाटेतच मेले. रिकामी टाकी खोलीत धूळ खात पडली होती, आणि येणारा-जाणारा तिच्यावरून चेअरमनची थट्टा करायचा. त्यामुळं नागूचं बोलणं त्यांना एकदम पटलं. ठरलं ते असं : आपल्याच पाण्यातले रंगीत मासे अक्कांनी निवडायचे, नागपंचमीला टाकीत एकवीस मासे सोडायचे, आणि दसऱ्याच्या सभेला एकवीसच्या एकवीस जिवंत दाखवायचे. दाखवले तर अक्कांचं नाव सभासदांत. नाहीतर तो विषय कायमचा बंद.

घरी येताना मी रडकुंडीला आले होते. मला वाटलं, हा खेळ लावून त्यांनी अक्कांचं हसंच केलं. अक्का मात्र चालता चालता विचारात. म्हणाल्या, "रंगीत मासं लई हाईत. एकमेकाला न खानारं किती हाईत, ते बगायचं."

ते पंधरा-वीस दिवस मी कधी विसरणार नाही. पाऊस मृगात एकदा पडला आणि नंतर फिरकला नाही. ओढ्यात डबकी-डबकीच राहिली होती आणि प्रत्येक डबक्यात मासे दाटीवाटीनं अडकलेले. अक्का जुन्या लुगड्याचं धडपं घेऊन शिरायच्या, धरलेला मासा पितळेच्या वाटीत घ्यायच्या आणि वाटी डोळ्यांजवळ न्यायच्या. मला रंग दिसायचा, त्या तोंड पाहायच्या. "तोंड बघ सुभे. ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो आज न्हाय उद्या गिळनार." निळ्या-सोनेरी रेघांचे चपळ मासे त्यांनी घेतले, कारण तोंड मोहरीएवढं. शेपटीजवळ काळा टिपका आणि पंखाला लाली असलेले घेतले. वाळूत बसून राहणारे पट्ट्यापट्ट्यांचे दोन घेतले. एक मासा मला फार आवडला होता. काचेसारखा, आतला काटासुद्धा दिसायचा. मी म्हटलं, हा किती गरीब दिसतो. अक्कांनी तो परत सोडून दिला. "गरीब दिसतो, पर दुसऱ्याची खवलं उपटून खातो ह्यो. घरातल्या घरात कुरतडनारा." निळ्या काठाचा एक देखणा डोकऱ्या मासाही त्यांनी तोंड मोठं म्हणून नाकारला. निवडलेला मासासुद्धा सरळ टाकीत जायचा नाही. आठ दिवस वेगळ्या मडक्यात. कुठं पांढरा चट्टा आहे का, कुणाला चावतो का, खातो-पितो कसा, हे सगळं पाहून मग आत. "पाव्हना आधी वसरीवर, मंग घरात," असं त्या म्हणायच्या. मला लिहिता येत होतं, म्हणून कुठल्या जातीचे किती, ती यादी मी एका कागदावर लिहिली आणि टाकीमागच्या भिंतीला खिळ्यावर टोचली. मासे एकवीस.

नागपंचमीला ते आत सोडले आणि खोलीत माणसांची रीघ लागली. चेअरमन तर खुर्ची टाकीकडं वळवूनच बसायला लागले. पण आमच्या जिवाला घोर. टाकीत हवा राहावी म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी काढायचं आणि हात उंच करून फेस येईल असं परत ओतायचं. पाणी बदलायला तळ्यातून घागर आणायची, कापडातून गाळायची. तळंही उतरत चाललेलं. घागर घेऊन निघाले की आडावर रांगेत उभ्या असलेल्या बायका मला ऐकवायच्या, "मान्सं तहानंली मरू द्यात, मासं जगू द्या गं बाई!" मी मान खाली घालून चालायचे. त्यांचं चूक होतं असंही मला वाटायचं नाही. म्हणून पुढं पुढं आम्ही पाणी कमी बदलायला लागलो आणि काच हिरवट होत गेली.

नारळी पौर्णिमेनंतर माकणीहून सांगावा आला. अक्कांच्या लेकीचं दुसरं बाळंतपण, आणि तिची सासू अंथरुणाला खिळलेली. अक्कांना जाणं भाग होतं. जाताना त्यांनी टाकीची किल्ली... म्हणजे त्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "खायला टाक. पानी वरनं वत. नवं काय बी आत जाऊ देऊ नगंस. माझ्या हातानं जाईल तेच आत." मी मान हलवली.

त्या गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी मी पाण्याला गेले होते. तळ्याच्या कडेला गवतात एक थवा दिसला. लाल. कुंकवाचा करंडा पाण्यात सांडावा तसा. बोटाच्या पेराएवढी पिलं, अंगाला सोनेरी झाक, सगळी मिळून एकदम वळायची. मी इतका सुंदर मासा कधी पाहिला नव्हता. आत जेवढे होते ते सगळे निळे, रुपेरी, फिके. मला वाटलं, टाकीत एवढाच रंग कमी आहे. अक्का येतील, बघतील, आणि म्हणतील, सुभे, हा तू निवडलास? मी तोंडही पाहिलं... माझ्या समजुतीप्रमाणं लहानच होतं. एकच पिलू घागरीत घेतलं. आठ दिवस मडक्यात ठेवायचं होतं, पण मडकं घरात ठेवलं तर हे विचारणार, नागू विचारणार, आणि मला उत्तर द्यावं लागणार. म्हणून मी ते सरळ टाकीत सोडलं. दुसऱ्या दिवशी चेअरमन काचेला नाक लावून म्हणाले, "वा! ह्यो लाल कुठला? अक्कानं झाकून ठेवला हुता व्हय?" मी पदर पुढं ओढला. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

गौरीच्या आदल्या दिवशी अक्का परत आल्या. तोवर ते लाल पिलू मला चार-पाच दिवसांत दिसलं नव्हतं. मेलं असेल, असं समजून मी मनात सुटका मानली होती. अक्कांनी मोजलं, एकवीस. हसल्या, माझ्या पाठीवर थाप मारली. तिसऱ्या दिवशी एकोणीस झाले. मग अठरा. मेलेला मासा वर तरंगताना दिसावा, तर तेही नाही. जणू काही विरघळून जात होते. अक्कांनी माशांना आडोसा म्हणून आत ठेवलेले कौलांचे तुकडे हलवून पाहिले, वाळू चाचपली, काचेच्या फटी पाहिल्या; हिरवट पाण्यात काही दिसलं नाही. पंधरा... नागू दारात उभा राहून विचारायचा, "अक्का, कालवनाला किती लागत्यात वो रोज?" अक्का म्हणायच्या, "तुला वाटीभर देऊन ठिवते, थांब." पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला रात्रीचं जेवण जाईना. मला कळत होतं की माझ्या त्या लाल पिलाशी याचा काहीतरी संबंध आहे, पण कसा ते कळत नव्हतं, आणि विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं.

एक दिवस अक्का सकाळीच स्टूल घेऊन टाकीसमोर बसल्या. भाकरीसुद्धा तिथंच मागवली. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा त्यांनी हातानं मला गप्प बस अशी खूण केली. बराच वेळ काही नाही. मग कौलाच्या तुकड्याखालून काहीतरी सावकाश निघालं. करंगळीएवढं, मातीच्या रंगाचं, चपट्या डोक्याचं. सरळ वर आलं, पाण्याबाहेर तोंड काढून एक घोट हवा घेतली आणि पुन्हा कौलाखाली गेलं. अक्कांच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. "मरळ," त्या म्हणाल्या. "मरळाला पान्यातली हवा पुरत न्हाय. वर यावंच लागतं त्याला." मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "ल्हानपनी लाल असतो ह्यो. कुंकवावानी. महिन्याभरात रंग उतरतो, आन् भूक वाढती." त्यांनी हात घालून तो धरला, मडक्यात टाकला. मडकं उचलता उचलता विचारलं, "कुनी टाकला गं, सुभे?"

मी म्हटलं, "मला न्हाय ठावं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "बरं," आणि मडकं घेऊन ओढ्याच्या खालच्या डोहाकडं चालत गेल्या. मरळ त्यांनी मारला नाही. त्याचा काय दोष, त्याला भूक होती, एवढंच म्हणाल्या. टाकीत अकरा उरले होते.

दसऱ्याच्या सभेला पुरुष आत सतरंजीवर बसले होते. बायका नेहमीप्रमाणं बाहेर, उंबऱ्याला लागून. अक्का आत उभ्या. चेअरमननी मासे मोजले, पुन्हा मोजले. नागू म्हणाला, "मरळ निगाला म्हनं टाकीत. भोयाच्या बाईला मरळ वळखू येऊ न्हाय?" सगळे हसले. चेअरमनना अक्कांची कीव आली असावी. त्यांनी विचारलं, "अक्का, त्यो लाल मासा तुमी असताना न्हवता. कुनी टाकला, सांगा. दुसऱ्या कुनाचं काम आसंल तर आमी इचार करू." मी उंबऱ्याच्या बाहेर बसले होते. माझ्यापासून अक्का चार हातांवर. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. ते शब्द माझ्या घशापर्यंत आले होते, खरंच आले होते... आणि अक्का म्हणाल्या, "माझ्या हातानंच आत जाईल, आसं म्याच ठरिवलं हुतं. राखन माझी हुती. गेला तो माझ्याच हातनं गेला म्हना."

विषय बंद झाला.

त्यानंतरच्या वर्षात त्यांनी मला त्या मरळाबद्दल एक शब्द विचारला नाही. बोलणं, हसणं, सगळं पहिल्यासारखं. फक्त एक नवं सुरू झालं. पिलं निवडताना प्रत्येक वेळी एक पिलू माझ्या तळहातावर ठेवायच्या आणि सगळ्या बायकांदेखत विचारायच्या, "सांग, ह्यो कोन?" मी पुटपुटायचे. "मोठ्यानं. पलीकडल्या काठाला ऐकू गेलं पायजे." रोहू, कटला, मृगळ... मी ओरडायला शिकले. काही बायका म्हणायच्या, अक्का जावेला शिक्षा देतात. मलाही तसंच वाटायचं आणि ती शिक्षा मला हवीशी होती.

पुढच्या दसऱ्याला अक्का पुन्हा अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. पाऊस त्या वर्षी बरा होता आणि पिलंही चांगली जगली होती. तरी नागू म्हणालाच, "विषय बंद हुता न्हवं? मरळवाली बाई..." मी कधी उठले ते मला आठवत नाही. उंबऱ्याच्या आत माझा पाय पडला होता. पदर डोक्यावर होता की नव्हता, देव जाणे. मी म्हटलं, "त्यो मरळ म्या टाकला हुता. अक्का माकनीला हुत्या. मला वळखू आला न्हाय, लाल हुता म्हनून टाकला." इतकं मोठ्यानं बोलले की बाहेरची कुत्री उठून गेली. आमचे हे खाली मान घालून बसले. कुणीतरी हसलं. किसनतात्या म्हणून सगळ्यांत जुने सभासद होते. ते अक्कांना म्हणाले, "तुला ठावं हुतं?" अक्का म्हणाल्या, "व्हय." "मंग वरीसभर गप का बसलीस?" अक्का म्हणाल्या, "तिचं हाय ते. तिनंच सांगावं."

किसनतात्यांनी हात वर केला. मग एकेक करून वर गेले. नागूचा गेला नाही, पण त्याच्या एकट्यानं काही अडलं नाही. अक्का सभासद झाल्या.

घरी येताना मी सारखी रडत होते. वाटलं, आता अक्का काहीतरी चांगलं बोलतील. त्या म्हणाल्या, "मरळाला बी घडीघडीनं वर यावं लागतं, सुभे. तुला वरीस लागलं." आणि इतक्या हसल्या की त्यांना वाटेत थांबावं लागलं. मला हसू यायला आणखी कितीतरी दिवस गेले.

अक्का जाऊन आता सात आठवडे झाले. मागच्या आठवड्यात सभा होती. सेक्रेटरीनं विचारलं, अक्कांच्या जागी कोण? त्यांच्या लेकीनं माकणीहून लिहून पाठवलं होतं, काकूला घ्या. कुणी काही बोलायच्या आत मी "हो" म्हटलं. अक्का सभेला इतकी वर्षं सतरंजीवर कधी बसल्या नाहीत. भिंतीला टेकून, कोपऱ्यात, एका पोत्यावर बसायच्या. पुरुष म्हणायचे, अक्का, पुढं या, तिथून काय दिसतंय? त्या म्हणायच्या, मला दिसतंय तेवढं पुरं. मला वाटायचं, बाईमाणूस म्हणून मागं बसतात.

सभेचं पुढचं काम सुरू होताना मी जाऊन त्या पोत्यावर बसले. तिथून चेअरमन दिसत नाहीत, टेबल दिसत नाही, खांब मधे येतो. दिसतो तो फक्त दाराचा उंबरा. उंबऱ्यापलीकडं तीन बायका बसल्या होत्या, पदर पुढं ओढून. आत पिलांच्या निवडीवरून काही वाद चालला होता. त्यातल्या एका पोरीचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. सेक्रेटरी पुढच्या विषयाकडं वळायला लागले होते. मी हात वर करून म्हटलं, "थांबा जरा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उंबऱ्यापलीकडच्या त्या पोरीकडं बघत राहिले.